बिजलीकुमारचा तिसरा वार

माणसाला कुणाला काही फुकट द्यायचं असेल तर त्यानं ते गुपचूप द्यावं आणि घरात जाऊन दार लावून बसावं. हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेव्हा माझ्या अंगावर बायकोची निळी साडी आणि डोक्यावर चांदीच्या कागदाचं शिरस्त्राण होतं.

दिवसा मी एका सरकारी खात्यात आवक-जावक लिपिक होतो. संध्याकाळी साडेपाचनंतर मात्र मी मालक असायचो. रामदासपेठेच्या मागच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे 'वैरागडे चित्रकथा केंद्र'. दोरीवर धुणं वाळत घालावं तशा भाड्यानं वाचायच्या चित्रकथा टांगलेल्या, खाली लाकडी बाक, आणि बाकावर अख्ख्या गल्लीची पोरं. एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत केंद्राला पाच वर्षं होत होती. मोठी दुकानं अशा वेळी पेढे वाटतात. मी म्हटलं, आपण चित्रकथा वाटू. जुन्या, पण पानं शाबूत असलेल्या दीडशे प्रती मी बाजूला काढल्या आणि पत्रक लिहायला बसलो.

"येणाऱ्या प्रत्येकाला एक चित्रकथा मोफत," मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"प्रत्येकाले नका लिहू. मुलाले लिहा," पुष्पलता, म्हणजे माझी पत्नी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"प्रत्येकाला म्हटलं की कसं भारदस्त वाटतं."

"वाटू द्या. मग सारं नागपूर आलं का मले सांगू नका."

मी सांगितलं नाही. तिनं आपल्या डोळ्यांनीच पाहिलं.

पत्रक छापून आलं तसे सल्लागारही आले. शेजारचे चंपतराव कोर्टात बेलीफ होते, आता निवृत्त. त्यांच्या मते या देशात माणूस परवानगीशिवाय फक्त मरू शकतो, आणि तेही पुढे दाखल्याला अडतंच. "मंडप टाकता? परवानगी. भोंगा लावता? परवानगी. लोक जमवता? परवानगी," ते म्हणाले. "उद्या कोणाचा पाय मुरगळला, तर समन्स तुमच्या नावानं निघन. मी लय समन्स बजावले आहेत, वैरागडे. घेणाऱ्याचं तोंड कसं होते, मले ठाऊक आहे."

समोरच्या कुसुमताई महिला मंडळाच्या सचिव. त्यांचं म्हणणं पडलं की नुसतं वाटप म्हणजे रेशनचं दुकान, कार्यक्रम पाहिजे. मुलांना वेशभूषा करून बोलवा. चित्रकथेतली पात्रं प्रत्यक्ष येऊन मुलांना भेटू द्या. "तुमचा तो कोण, बिजलीकुमार, तो आला पाहिजे. पोट्टे वेडे होतीन." बिजलीकुमार म्हणजे आमच्या केंद्रातला सर्वांत खपणारा नायक. निळा झगा, डोक्यावर विजेचं चिन्ह, हातात तलवार, आणि प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर तिसऱ्या वाराला कालभुजंग राक्षसाचा पराभव. हा बिजलीकुमार कोण होणार, असं मी विचारलं. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लाजलो. खोटं कशाला बोलू, मला ते मनातून फार आवडलं.

परवानगीसाठी मी अर्धी रजा टाकून पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या जमादारानं भोंग्याचा छापील अर्ज पुढे सरकवला. कार्यक्रमाचं स्वरूप या रकान्यात तीनच गोष्टी होत्या: धार्मिक, राजकीय, लग्न.

"माझं यातलं काहीच नाही," मी म्हटलं.

"मंग भोंगा कायले पाहिजे?"

मी चित्रकथा, वाटप, वेशभूषा, बिजलीकुमार असं सगळं समजावून सांगितलं. जमादार शांतपणे ऐकत होता. मी स्वतः लिपिक असल्यानं मला ती शांतता ओळखीची होती. मीही टेबलाच्या पलीकडच्या माणसाचं असंच ऐकतो.

"धार्मिक लिहिलं तं वर पाठवावं लागते. राजकीय लिहिलं तं लयच वर पाठवावं लागते," तो शेवटी म्हणाला. "लग्न लिहा. लग्नाले कोणी काही म्हणत नाही." आणि त्यानं स्वतःच्या हातानं 'लग्न' या शब्दावर खूण करून शिक्का मारला. रविवारी सकाळी दहा ते एक, वैरागडे यांच्या घरी लग्न. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पुष्पलतेला फक्त एवढंच सांगितलं की परवानगी मिळाली.

आता प्रश्न राहिला कालभुजंगाचा. आणि इथे मला शालिकरामजींबद्दल सांगायला हवं.

शालिकराम हेडाऊ कामठीला मागावर काम करायचे. वय पंचावन्नच्या पुढे. दर इतवारी सकाळच्या बसनं यायचे, कापडी पिशवीतून मागच्या आठवड्याच्या सहा चित्रकथा काढून बाकावर रचायचे आणि नव्या सहा निवडायला अर्धा तास लावायचे. पहिल्यांदा मला वाटलं नातवंडांसाठी नेत असतील. तर ते स्वतःसाठी न्यायचे. वाचून झाल्या की गल्लीतल्या पोरांना आवाज काढून वाचून दाखवायचे. तरुणपणी त्यांनी गावोगाव दंडार, म्हणजे आमच्याकडचं सोंगांचं लोकनाट्य, केली होती. राक्षस त्यांच्यासारखा कोणी करत नसे म्हणे. आमच्या गल्लीत माझा मित्र म्हणावा असा तो एकच माणूस होता, आणि तो पंधरा किलोमीटरांवरून येत होता.

मी कालभुजंगाचं विचारताच ते बाकावरून उठलेच. "मुकुंदा, आता तू पाह्यच गा!" पुढच्या इतवारी ते पाठीवर गाठोडं घेऊन आले. आत जुन्या धोतरात गुंडाळलेला मुखवटा होता. कागदाच्या लगद्याचा, चांगला परातीएवढा, लाल जीभ, पांढरे सुळे, भुवयांना घोड्याचे केस. तो खोलीत आला आणि खोली लहान झाली.

"माह्या बाबानं बनवला. रामाजीनं," ते म्हणाले. "मी पोट्टा होतो तवा. बाबा गेले, ते संगतीचे लोकं गेले, हा राहिला."

मग आम्ही तालीम केली. माझी तलवार दुकानातल्या जुन्या सागवानी फळीतून काढलेली होती. ठरलं असं: पहिला वार डाव्या खांद्यावर, दुसरा उजव्या, तिसऱ्याला मी तलवार नुसती उगारायची आणि त्यांनी आडवं पडायचं. "डोक्यावर नको, मुकुंदा. बाकी कुठंही मार, मी कोष्ट्याच्या हाडाचा आहे," ते हसून म्हणाले. आम्ही ते सहा वेळा केलं. सहाही वेळा ते इतके सुंदर पडले की पुष्पलता आतून पाणी घेऊन धावत आली.

रविवार उजाडला. सकाळी नऊला माझ्या लक्षात आलं की शिरस्त्राणाच्या पट्टीखाली चष्मा बसत नाही. चष्म्याशिवाय मला तीन हातांपलीकडचा माणूस आणि म्हैस यांतला फरक अंदाजानं करावा लागतो. पण बिजलीकुमार चष्मा घालत नाही. मी चष्मा पुष्पलतेच्या हातात दिला. एवढ्यात कुसुमताई आल्या, त्यांनी माझं शिरस्त्राण पाहिलं, "भारीच भुंडं दिसते" म्हणाल्या, आणि दोन्ही कानांवरून चांदीच्या कागदाच्या लोंबत्या झालरी डकवून दिल्या. मला आरसा दाखवला. मला एक चकाकतं धुकं दिसलं. मी म्हटलं, छान.

दहा वाजता मी दार उघडलं आणि समोर रंगांचा एक मोठा डाग हलताना पाहिला. तो रस्त्याच्या टोकापर्यंत गेलेला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हे 'प्रत्येक' आहे," पुष्पलता म्हणाली.

मुलं होतीच. वेशभूषेतही होती, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कपडे ज्याच्या घरी जे होते ते. सात शिवाजी महाराज, चार कृष्ण, दोन भाज्या. कुसुमताईंनी त्यांना उंचीप्रमाणे उभं केलं होतं. पण मुलांमागे त्यांचे आईबाप, आणि आईबापांमागे ज्यांना त्यांचं काही देणंघेणं नव्हतं असे लोक. काटोलहून संत्री घेऊन आलेला एक व्यापारी बसस्टँडवर पत्रक वाचून टोपलीसकट रांगेत लागला होता. भाजीवाली रुखमाबाई हात पुढे करून उभी राहिली.

"बाई, तुम्हाला वाचता येतं का?" मी विचारलं.

"नाई. चित्रं पाहीन. कागदात लिहेल आहे ना, प्रत्येकाले? का मी प्रत्येकात नाही?"

मी तिला चित्रकथा दिली. तिनं ती उलटसुलट पाहिली आणि याच्यापेक्षा जाड आहे का, असं विचारलं.

महाराजाच्या वेशात बसलेले चंपतराव (त्यांनी आपला बेलीफीचा लाल पट्टा छातीवर आडवा घातला होता) भोंग्यावरून रांगेला कायदा सांगत होते. मी हाताला लागेल ते वाटत होतो. पाऊण तासानं पुष्पलतेनं माझा साडीचा झगा ओढला. "अहो, हे काय देऊन राहिले? दीडशे कवाच संपले! हे दोरीवरचे नवे आहेत, भाड्याचे!"

मी हातातली प्रत डोळ्यांजवळ नेली. खरंच नवी होती. शाईचा वास येत होता. पुढचा हात माझ्या पोटाजवळ आलाच होता. लोकांना संपलं म्हणून सांगावं तर अजून निम्मी रांग बाकी.

"लढाई सुरू करा," पुष्पलता म्हणाली. "लोकांचं ध्यान तिकडं लागलं का मी दार ओढून घेतो."

तिनं हे म्हणायला आणि कालभुजंगानं गल्लीच्या टोकावरून आरोळी ठोकायला एकच गाठ पडली. त्या आरोळीबद्दल मी काय सांगू! रांग क्षणात मोडली. पोरं किंचाळत पळाली आणि पळून तितक्याच वेगानं परत आली. पुष्पलतेनं नंतर सांगितलं त्याप्रमाणे, शालिकरामजी घुंगरू बांधलेल्या पायांनी नाचत येत होते. या पोराच्या कानाशी गुरगुरत होते, त्या बाईच्या पदराखाली लपत होते, व्यापाऱ्याच्या टोपलीतलं संत्रं उचलून मुखवट्याच्या जबड्यात टाकत होते. दोन मिनिटांत सगळी गल्ली त्यांची झाली. "राक्षस इकडं! राक्षस इकडं ये!" पोरं ओरडत होती. बिजलीकुमार ओट्यावर तलवार घेऊन उभा आहे याची कुणी दखलही घेतली नाही.

मी मंडपात उतरलो. भोंग्याजवळ जाऊन म्हटलं, "थांब, दुष्टा!" आवाज जरा चिरका लागला.

त्याच वेळी खाकी रंगाचा एक डाग माझ्याजवळ आला. हवालदार होता. त्याच्या हातात आमच्या परवानगीची प्रत होती, आणि त्याचं तोंड नेमकं भोंग्यासमोर होतं.

"नवरदेव तुम्हीच का?"

सबंध गल्लीनं ते ऐकलं.

"मी... नाही, म्हणजे..."

"बाशिंग तं तुम्हीच बांधून आहे. नवरी कुठं हाय? इथं लग्न लिहून आहे."

माझ्या कानांवरच्या झालरी वाऱ्यानं हलल्या. आणि हसण्याचा असा लोंढा आला की भोंगासुद्धा शिट्टी वाजवायला लागला. "नवरदेव! नवरदेव!" सात शिवाजी महाराज एका सुरात ओरडू लागले. कुसुमताई हसत होत्या. चंपतराव महाराजांना ठसका लागला. दाराआडून पुष्पलतेचं हसू मला ऐकू आलं, आणि ते मला सर्वांत जास्त लागलं.

शालिकरामजी कसलेले नट. पडलेला शब्द उचलायचा, एवढंच त्यांना ठाऊक. ते दोन पावलं मागं सरकले, माझ्याकडे पाहून कंबर लचकवली आणि राक्षसाच्या आवाजात गरजले, "अरे, नवरदेवाले पहिले चश्मा द्या गा! नाई तं माह्याच गळ्यात माळ घालन!"

गल्ली कोसळली. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. त्यांनी ते मला वाचवायला म्हटलं होतं. हसू माझ्यावरून आपल्यावर ओढून घेत होते ते. दंडारीत असंच करतात. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी आवक-जावक लिपिक, ज्याच्या शिक्क्याशिवाय या जिल्ह्यातला कागद हलत नाही, तो साडी नेसून उभा आहे आणि एक मागवाला त्याच्यावर लोकांना हसवतो आहे. होय, मनात हाच शब्द आला. मागवाला.

मी पहिला वार केला. डाव्या खांद्यावर. ठरल्यापेक्षा जोरात. ते झकास कळवळले. दुसरा उजव्या खांद्यावर. त्यांनी गिरकी घेतली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासाठी. तिसऱ्या वेळी तलवार उगारली. ती उगारून थांबवायची होती. ते पडायला वाकलेसुद्धा होते.

मी थांबवली नाही.

चष्मा नव्हता म्हणून, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. पण ते तीन हातांच्या आत होते. मला तेवढं स्पष्ट दिसत होतं.

मुखवट्याचा आवाज मडकं फुटल्यासारखा आला नाही. कुणी जाड कागद फाडावा तसा आला. कपाळापासून जबड्यापर्यंत तो दोन झाला आणि मधून शालिकरामजींचा घामेजलेला चेहरा दिसला. ते पडले नाहीत. उभेच राहिले. पोरांनी आनंदानं आरोळी ठोकली. त्यांना वाटलं असंच ठरलेलं आहे. हवालदारानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. आणि मी काय केलं? मी भोंग्याकडे गेलो आणि म्हणालो, "बिजलीकुमारचा विजय असो."

मागं वळून पाहिलं तेव्हा ते खाली बसून तुकडे धोतरात गोळा करत होते. पुष्पलता त्यांच्याशेजारी बसून भुवयांचे केस वेचत होती. आता ती हसत नव्हती. मी पुढं होईपर्यंत कुसुमताईंनी आभारप्रदर्शनासाठी मला पकडलं. आभार संपेस्तोवर कामठीची बस निघून गेली होती.

त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि पुष्पलतेनंही जेवा म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "त्याहीनं तुमचं काय बिघडवलं होतं?"

पुढच्या इतवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. केंद्र चालू होतं. उलट गर्दी वाढली होती. फक्त पोरं आता मला 'नवरदेव काका' म्हणत, आणि मी ऑफिसातला चेहरा करून बसे. कामठीला जाऊन यावं, हे रोज ठरे. पण आधी मार्चअखेर होती, मग मला ताप आला, मग चंपतरावांनी सांगितलं की माफी मागणं म्हणजे कायद्यानं गुन्हा कबूल करणं. खरं कारण यातलं एकही नव्हतं. सहाव्या इतवारी पुष्पलतेनं माझ्या हातात कापडी पिशवी दिली. तिच्यात सहा चित्रकथा होत्या. "जा," ती म्हणाली.

कामठीला मी घर विचारत गेलो. ओसरीवर दहा-पंधरा पोरं आणि मधोमध शालिकरामजी. मला पाहताच ते उठले, मिठी मारली आणि पोरांकडे वळले. "हा पाहा! हाच तो! म्या सांगितलं नव्हतं का, काय लढला माहा दोस्त? नागपूरचे लोकं अजून नाव काढून राहिले!"

पोरं माझ्याकडे तोंडं उघडी ठेवून पाहू लागली. त्यांनी इथं त्या दिवसाची गोष्ट सांगितली होती, आणि त्या गोष्टीत मी नवरदेव नव्हतो. मी वीर होतो.

"आता तूच सांग मुकुंदा. माह्याकडून ऐकून कंटाळले."

मी वाक्य तयार करून आलो होतो. बसमध्ये चार वेळा घोकलं होतं. पण पोरं सरकून बसली, मला मधे जागा झाली, आणि मी सांगायला लागलो. पहिला वार सांगितला. दुसरा सांगितला. तिसऱ्याला मी किंचित थांबलो आणि म्हटलं, "आणि मग तो मुखवटा आपोआप फुटला."

शालिकरामजींच्या पत्नी, जिजाबाई, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न पाहता आत गेल्या.

"हो," शालिकरामजी पोरांना म्हणाले. "जुनाच होता तो. फुटणारच होता."

त्यानंतर आम्ही मागाबद्दल बोललो, उन्हाबद्दल बोललो. येत्या पावसाळ्यात मुलाकडे भिलाईला कायमचं जाणार असल्याचं त्यांनी सांगितलं. चित्रकथा त्यांनी घेतल्या, पण पिशवी उघडली नाही. मला सोडायला स्टँडवर आले. बस लागताच गर्दीतून पुढं घुसून त्यांनी खिडकीतून आपला दुपट्टा टाकला आणि माझ्यासाठी जागा धरली. मी बसलो. ते खिडकीखाली उभे राहिले. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गुरगुरली, आणि तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"शालिकरामजी, चुकलं माझं."

इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ते कानाला हात लावून गाडीबरोबर चालू लागले. "काय म्हणते गा?"

मला पुन्हा म्हणता आलं असतं. गाडी अजून हळूच होती.

"काही नाही," मी म्हटलं. "दुपट्टा घ्या तुमचा."